व्यवसाय, वर्ग आणि इंग्रजी : ‘इंग्लिश विंग्लिश’ या चित्रपटाचे पुनर्वाचन

प्रौढ, कमावत्या माणसांना इंग्रजी शिकविणे हे शाळकरी मुलांना इंग्रजी शिकविण्याहून निराळे काम आहे, ही जाणीव इंग्रजीच्या अध्यापनशास्त्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. टॉम हचिन्सन व ॲलन वॉटर्स यांच्या ‘इंग्लिश फॉर स्पेसिफिक पर्पजेस’ (१९८७) या ग्रंथाने तिला सुस्पष्ट रूप दिले. विद्यार्थ्याला भाषा कशासाठी हवी आहे हा प्रश्न आधी, आणि कोणता पाठ द्यावयाचा हा नंतर, अशी त्यांची भूमिका आहे. ही भूमिका आता अभ्यासक्रमांच्या प्रास्ताविकांत सर्वत्र आढळते; वर्गात मात्र ती क्वचितच उतरते. परदेशातील अशा एका वर्गाचे भारतीय प्रेक्षकांना सर्वाधिक परिचित चित्र म्हणजे गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) हा हिंदी चित्रपट होय.

पुण्यातील शशी गोडबोले (श्रीदेवी) घरी लाडू करून विकते. इंग्रजी येत नाही म्हणून नवरा व मुलगी तिची थट्टा करतात. भाचीच्या लग्नासाठी ती एकटीच आधी न्यूयॉर्कला जाते आणि तेथे कोणाला न सांगता चार आठवड्यांच्या इंग्रजी वर्गात नाव घालते. स्वतःची आई पुण्यात घरून लोणच्यांचा व्यवसाय करीत असे व तिला इंग्रजी फारसे येत नसे, हे दिग्दर्शिकेने मुलाखतींतून सांगितले आहे. लोणच्याचे लाडू झाले आणि आईची मराठी पडद्यावर हिंदी झाली. या दुसऱ्या बदलामुळे मराठी घरातील मराठी, हिंदी, इंग्रजी ही तीन पायऱ्यांची उतरंड दोन पायऱ्यांवर आली. परंतु हिंदी चित्रपटाकडून याहून वेगळी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

या चित्रपटाची चर्चा बहुधा गृहिणीचा आत्मसन्मान या अंगाने झाली आहे. ते योग्यच आहे. पण शशी वर्गात प्रवेश घेते ती गृहिणी म्हणून नव्हे. वर्गाचे शुल्क ती लाडूंच्या कमाईतून भरते. तिचे सहाध्यायीही कामकरी माणसे आहेत : फ्रेंच आचारी, पाकिस्तानी टॅक्सीचालक, मुले सांभाळणारी मेक्सिकन स्त्री, केस कापणारी चिनी तरुणी, दक्षिण भारतीय सॉफ्टवेअर अभियंता. म्हणजे हा व्यवसाय करणाऱ्यांचा वर्ग आहे. चित्रपट मात्र ही गोष्ट काही काळ लक्षात ठेवतो आणि नंतर विसरतो. प्रस्तुत लेखात या विस्मरणाचा विचार केला आहे.

वर्गाच्या आरंभी शिक्षक डेव्हिड प्रत्येकास तो काय करतो हे विचारतो. शशी आपल्या लाडूंविषयी अडखळत सांगते, आणि तो म्हणतो की, ती आंत्रप्रन्योर आहे. रस्त्याने चालताना ती हा अवघड शब्द पुनःपुन्हा उच्चारून पाहते. संपूर्ण चित्रपटातील हा सर्वांत अर्थपूर्ण पाठ आहे. येथे व्याकरण शिकविले जात नाही; विद्यार्थिनीच्या कामाची विचारपूस होते. मराठीत ‘उद्योजिका’ हा शब्द काही नवा नाही. पुण्याच्या घरात तो शशीला कोणी लावला नाही, एवढेच. तेव्हा उणीव शब्दसंग्रहाची नव्हती, ती ओळखीची होती. नवऱ्याच्या लेखी तिचे लाडू हे कौतुकाचे व किंचित हेटाळणीचे निमित्त आहे. डेव्हिडच्या लेखी तो व्यवसाय आहे.

यापुढे डेव्हिडने काय करावयास हवे होते? हचिन्सन-वॉटर्स यांच्या मार्गाने जाणारा शिक्षक विचारील : गिऱ्हाईक कोण, मागणी कोणत्या भाषेत येते, भाव कोण ठरवितो, तक्रार आली तर काय बोलावे लागते? टॅक्सीचालकाच्या आणि आचाऱ्याच्या गरजा यांहून अगदी भिन्न निघतील. चित्रपटातील वर्ग या दिशेने जात नाही. तो गमतीदार, मायाळू, सर्वसाधारण संभाषणाचा वर्ग राहतो. ‘आंत्रप्रन्योर’ हा शब्द दिल्यानंतर त्या शब्दामागील कामाकडे वर्ग पुन्हा फारसा वळत नाही.

डेव्हिडला विद्यार्थ्यांच्या भाषा येत नाहीत, आणि त्याला तसा दोष देता येणार नाही. एका खोलीत हिंदी, उर्दू, तमिळ, फ्रेंच, स्पॅनिश, चिनी बोलणारे बसले असता इंग्रजीतूनच इंग्रजी शिकविण्यावाचून गत्यंतर नसते. आक्षेप आहे तो ही गरज सर्वत्र आदर्श म्हणून मिरविण्यावर. रॉबर्ट फिलिप्सन यांनी ‘लिंग्विस्टिक इम्पिरिअ‍ॅलिझम’ (१९९२) या ग्रंथात इंग्रजी अध्यापनातील ज्या समजुतींना भ्रम ठरविले, त्यांत इंग्रजी ही केवळ इंग्रजीतूनच शिकवावी आणि आदर्श शिक्षक तो मातृभाषक, या दोन आरंभीच येतात.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. या जिल्ह्यातील वाणिज्य शाखेच्या वर्गात बहुतेक सर्व विद्यार्थ्यांना मराठी येते. कोणाच्या घरी दुधाचा व्यवसाय, कोणाचे डाळिंब, कोणाचे वडील घोडेगावच्या बाजारात कांदा आणणारे. सुपे येथील औद्योगिक वसाहतीत परदेशी कंपन्यांचे कारखाने आले आहेत. भावाची घासाघीस, उधारी, वजनातील घट, मालाची प्रत या गोष्टी विद्यार्थी मराठीत उत्तम जाणतो. त्याला ‘बिझनेस कम्युनिकेशन’ या विषयात एखाद्या काल्पनिक कंपनीला चौकशीपत्र लिहावयास लावले जाते, आणि त्याचे ज्ञान वर्गाबाहेर थांबते. अशा वर्गात मराठी वर्ज्य करणे म्हणजे न्यूयॉर्कच्या खोलीतील अडचण येथे हौसेने ओढवून घेणे होय.

परदेशात येऊन शिकविणाऱ्यांची जुनी परंपरा याच नगरात आहे. अमेरिकन मराठी मिशनने येथे १८३१ मध्ये काम सुरू केले. सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलींच्या शाळांचे काम करीत राहिल्या. सावित्रीबाई फुले यांचे अध्यापनाचे शिक्षण त्यांच्याकडे झाले. मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरहूनच निघाले. या मंडळींचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि तो झाकण्याचे कारण नाही. परंतु परक्या देशात शिकवावयाचे तर तेथील भाषा आधी आपण शिकली पाहिजे, हे त्यांनी गृहीत धरले होते. डेव्हिडच्या व्यवसायात ते गृहीत राहिलेले नाही.

चित्रपटात याचे उत्तर नकळत येऊन जाते. शशी आणि फ्रेंच आचारी लोराँ एकमेकांशी बोलतात तेव्हा ती हिंदीत आणि तो फ्रेंचमध्ये बोलतो. शब्द कळत नाहीत. स्वयंपाक हे दोघांचेही काम असल्याने बरेच काही कळते. व्यवसायातील इंग्रजीच्या अभ्यासकांनी २००५च्या सुमारास ‘बिझनेस इंग्लिश ॲज अ लिंग्वा फ्रँका’ ही संकल्पना मांडली. इंग्रजी मातृभाषा नसलेली दोन माणसे व्यवहार करतात तेव्हा निर्दोष व्याकरणापेक्षा कामाची समान जाण अधिक उपयोगी पडते, असे त्यांचे निरीक्षण आहे. दिग्दर्शिकेने हे दृश्य हळुवार स्नेहाचे म्हणून रंगविले आहे. त्यात व्यावसायिक संवादाचे बीजही आहे.

अंतिम परीक्षा आणि लग्न एकाच दिवशी येतात. मुलाच्या खोडीमुळे शशीने केलेले लाडू जमिनीवर सांडतात. बाजारातून विकत आणून वेळ भागविता आली असती. शशी परीक्षा सोडते आणि लाडू पुन्हा वळते. या प्रसंगाला समीक्षक सहसा त्याग म्हणतात. हा शब्द येथे अपुरा आहे. जे काम आपण उत्तम जाणतो त्यात नापास होणे तिला मान्य नाही. गिऱ्हाईकाला दिलेला शब्द पाळणाऱ्या कारागिराची ही वृत्ती आहे. डेव्हिडने दिलेल्या शब्दाचा अर्थ तिने वर्गाबाहेर, पुऱ्या कसोटीच्या वेळी, सिद्ध केला आहे.

दुर्दैवाने पटकथा हा अर्थ पुढे नेत नाही. लग्नाच्या मेजवानीत शशी इंग्रजीत बोलते ते विवाहातील समानता आणि कुटुंबाचा आधार यांविषयी. भाषण सुंदर आहे, श्रीदेवींचा अभिनय संयत आहे, आणि नवऱ्याची मान खाली जाते. परंतु त्यात लाडूंच्या व्यवसायाला स्थान नाही. त्याच समारंभात नवरा, आपली बायको लाडू करण्यासाठीच जन्मली आहे, असे पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. त्या वाक्यालाही उत्तर मिळत नाही. इंग्रजी शिकून शशी घराविषयी बोलते, कामाविषयी बोलत नाही. व्यावसायिकेच्या रूपाने वर्गात गेलेली स्त्री पत्नी आणि आई म्हणून उत्तीर्ण होते.

डेव्हिड समारंभाला उपस्थित असतो. ते भाषण हीच परीक्षा मानून तो तिला विशेष प्रावीण्याचे प्रमाणपत्र देतो. तिने दुसऱ्यांदा वळलेले लाडू त्याच मंडपात आहेत. पुण्यास परतल्यावर त्यांचा भाव तोच राहिला की वाढला, हे चित्रपट सांगत नाही.