इटलीचे इंजिन, कुर्ल्याचा पत्रा

जुन्या इटालियन स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की शौकिनांची गाडी फेरारी २५० जीटीओपाशी येऊन थांबते. जेमतेम ३६ बनल्या, आणि त्यांतली एक २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुडीहत्नूरच्या चौकात बसून तिच्या लाल रंगाच्या छटेवर हुज्जत घालायची ती निव्वळ हौस. पण याच घराण्यातली एक गाडी आपल्या गावावरून जाणाऱ्या हमरस्त्याने, तो ४४ नव्हे तर ७ क्रमांकाचा महामार्ग होता तेव्हापासून, नागपूर-हैदराबाद करत आली. ती म्हणजे फियाट अकराशे, पुढची प्रीमियर पद्मिनी. तिच्या जीर्णोद्धाराची कला आज कुठवर आली आहे, हे विचारायचा हक्क मात्र आपल्याला आहे.

घराणे म्हटले ते उगाच नाही. एंझो फेरारींनी अल्फा रोमिओ सोडल्यावर १९४० साली पहिली गाडी बांधली, ती ८१५. तिचा सांगाडा फियाट ५०८ सीचा, म्हणजे त्या काळच्या अकराशेचा. आठ सिलिंडरचे इंजिनही अकराशेच्याच भागांवर बेतलेले. अशा दोनच झाल्या, आणि त्यांतली एक त्या वर्षीच्या मिल्ले मिलिया शर्यतीत अल्बेर्तो अस्कारीने चालवली. युद्धानंतर पिएरो दूसिओंच्या चिसितालिया २०२ मध्ये पुन्हा अकराशेचेच १०८९ सीसीचे इंजिन आले. १९४७ च्या मिल्ले मिलियात ताझिओ नुवोलारी चिसितालियातूनच दुसरा आला. तिची पिनिनफारिनाने घडवलेली कूपे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ मध्ये प्रदर्शनात मांडली आणि १९७२ मध्ये संग्रहात घेतली. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. पद्मिनीचे बॉनेट उघडून मोजा, माप तेच निघेल.

हे इंजिन आपल्याकडे आले कुर्ल्यामार्गे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, तिचा कारखाना मुंबईतल्या कुर्ल्यात. आधी डॉज आणि प्लिमथ, मग फियाट. गोल पाठीच्या अकराशेला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ केले. १९६४ मध्ये मागे पंख फुटलेली डिलाइट आली आणि १९७४ पासून तिलाच पद्मिनी म्हणू लागले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून बाद झाली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत भरपूर अश्रू ढाळले गेले. ती उभी असताना तिच्या पत्र्याकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, हे सोडून देऊ.

आता कलेकडे. हात आपल्याकडे आहेत, यात शंका नाही. गंजलेला मडगार्ड नव्या पत्र्यातून ठोकून काढणारा डेंटर, कमानपाटे उतरवून पुन्हा बसवणारा मिस्त्री, सोलेक्स कार्बोरेटर कानाने लावणारा म्हातारा फिटर. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणि मुंबईच्या चोरबाजारातून दिव्याची काच हुडकून आणणारे शौकीनही आहेत. कमी आहे ती दृष्टी. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे चकाकी. बोटभर पुट्टी, त्यावर कारखान्याने कधीच न दिलेला मेटॅलिक रंग, क्रोमचा मारा, आणि पुढच्या जाळीवर फियाटची इटालियन मुद्रा, तीही ज्या पद्मिनीवर कुर्ल्याने ‘प्रीमियर’ लिहिले होते तिच्यावर! जुन्या देवळाच्या काळ्या पाषाणाला ऑइलपेंट फासणाऱ्या विश्वस्तांचीच ही रुची.

शौकिनांतला वाद इंजिनावर जास्त रंगतो. कोणी प्रीमियरच्याच ११८ एनईचे निस्सान घराण्यातले इंजिन बसवतो, कोणी मारुतीचे. स्टिअरिंगवरचा गिअर खाली आणतो. कर्मठ मंडळी याला भ्रष्टाचार म्हणतात. मला तसे वाटत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी घेऊन चौपदरी महामार्गावर ट्रकांच्या मध्ये शिरायचे असेल तर डिस्क ब्रेक लावणारा माणूस शहाणाच. फक्त त्याने मग ती गाडी अस्सल म्हणून मिरवू नये.

खरा पेच पत्र्यात आहे, आणि त्यावर फारसे कोणी बोलत नाही. या अकराशेला वेगळी चासी नाही. तळ, खांब, छप्पर मिळूनच सांगाडा होतो. पावसाळ्यात तळाचा पत्रा कुजला की गाडीचा कणाच गेला. तो बदलावाच लागतो. आणि जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज गाडी म्हणजे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली. मग नवा तळ म्हणजे दुरुस्ती की फेरफार? राज्याची तपासणी समिती आपल्या समजुतीने ठरवणार. नोंदणीला २०,००० रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच.

पन्नाशीचा हिशेब तर आणखी वाईट. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे पात्र झाल्या. १९८५ चीला २०३५ पर्यंत थांबायचे, शेवटच्या काळातलीला २०५० च्या आसपासपर्यंत. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी, राज्य बदलले तर ना-हरकत दाखला (किनवटची एमएच २६ गाडी आदिलाबादला आणून पाहा) आणि भंगारवाल्याचा वाढता भाव, यांतून तोवर किती टिकतील? ज्या वर्षांत गाडी फक्त जुनी असते आणि अजून वारसा झालेली नसते, त्याच वर्षांत ती मरते. कायद्याला ही वर्षे दिसत नाहीत, शौकिनांनाही नाहीत. त्यांचे डोळे रॅलीतल्या संस्थानिकांच्या रोल्स रॉईसवर खिळलेले.

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली, फियाटच्याच गावाच्या नावाची. तिचा रोख साधा आहे: आधी जपा, मग दुरुस्त करा, अगदीच गरज पडली तर नव्याने घडवा; आणि गाडीच्या आयुष्यात झालेले बदलही तिचा इतिहास माना. हा न्याय लावला तर टॅक्सीचा झेंडा पाडायचा मीटर, छताचे रंगीत रेक्झिन, दारावरचा पोचा हेही अस्सलच. आपले जीर्णोद्धारक हेच पहिल्यांदा काढून फेकतात. मीटर उपटून क्रीम रंग दिलेली पद्मिनी दिसायला देखणी असते, पण ती कुठल्याच काळातली नसते. मला ती पाहून आनंद होत नाही.

आणि मिस्त्रीचे नाव? चिसितालियाच्या पत्र्यावर पिनिनफारिनाचे नाव जगभर घेतले जाते. आपल्याकडे वर्षभर राबून गाडी उभी करणाऱ्या डेंटरचे नाव मालकाच्या मोबाईलमध्ये ‘डेंटर नवीन’ एवढेच. कोणता पत्रा बदलला, कोणता जुना ठेवला, याची नोंद नाही. त्यामुळे पुढच्या दुरुस्तीला मागचे काही कळत नाही आणि समीक्षेला तर हाताला काहीच लागत नाही.

तेव्हा नांदेड, किनवट, आदिलाबादकडे कुणाच्या अंगणात ताडपत्रीखाली अकराशे उभी असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी चासी क्रमांकाची पट्टी, तळ आणि इंजिन यांचे फोटो काढा. आरसी बुक जपा, नूतनीकरण चुकवू नका. काय बदलले ते एका वहीत लिहा आणि ज्याने बदलले त्याची सही घ्या.