अंतराळ संस्थेची किल्ली कोणाच्या हाती?

धुळ्यात विज्ञान शिक्षकांसमोर बोलत असताना एका शिक्षकांनी मला अडवले. ‘‘सर, यशस्वी उद्योजकाने अंतराळ संस्था चालवली तर बिघडले कुठे? शेजारच्या जळगावात ठिबक सिंचन शेतकऱ्यापर्यंत नेले ते भवरलाल जैन यांच्या उद्योगानेच ना?’’ प्रश्न बिनतोड होता. ‘शास्त्रज्ञच हवा’ हे आमच्या जमातीचे ठरलेले उत्तर त्याला पुरत नाही.

निमित्त होते नासाचे. जॅरेड आयझॅकमन हे पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या ‘शिफ्ट४’ या कंपनीचे संस्थापक. 2021 आणि 2024 मध्ये ते स्वखर्चाने स्पेसएक्सच्या यानातून अंतराळात जाऊन आले. नासाच्या प्रमुखपदासाठी त्यांचे नाव पुढे आले, मे 2025 अखेर मागे घेतले गेले, नोव्हेंबरमध्ये पुन्हा आले आणि डिसेंबर 2025 मध्ये अमेरिकी सिनेटने त्यांना मान्यता दिली. माणूस धाडसी आहे, विषयाची आवड खरी आहे, यात शंका नाही.

शिवाय आपला स्वतःचा इतिहास काय सांगतो? भारताच्या अंतराळ कार्यक्रमाचा पाया घालणारे डॉ. विक्रम साराभाई अहमदाबादच्या गिरणीमालकांच्या घरातले होते आणि त्यांनी स्वतः कारखाने चालवले. म्हणजे श्रीमंती हा अडसर नव्हे. पण साराभाई विश्वकिरणांवर संशोधन करून 1947 मध्ये केंब्रिजचे डॉक्टर झाले होते आणि त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. 1966 मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारताना त्यांनी घरच्या व्यवसायातील जबाबदाऱ्या सोडल्या. त्यांच्या कारखान्यात कापड आणि औषधे होत असत, अग्निबाण नव्हेत. उपग्रहाने खेड्यांपर्यंत शिक्षण न्यावे, ही त्यांची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर 1975-76 मध्ये सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत प्रत्यक्षात आली. त्या प्रयोगाची धुरा कोल्हापूरच्या एकनाथ चिटणीसांनी वाहिली. त्या खेड्यांकडून नफा मिळेल, असे कोणताही हिशेबनीस सांगू शकला नसता.

ठिबकची गोष्ट येथेच वेगळी पडते. ठिबकला गिऱ्हाईक आहे. वाचलेले पाणी आणि वाढलेला केळीचा घड शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावर दिसतो. (सरकारी अनुदानाचा त्यातला वाटा आपण सोयीने विसरतो, ते सोडा.) रावेर-यावलकडे उन्हाळ्याच्या शेवटी वादळी वारा सुटला की केळीच्या बागा आडव्या होतात. त्या वाऱ्याचा अंदाज बांधायला मदत करणारा ‘इन्सॅट-३डीएस’ फेब्रुवारी 2024 मध्ये उडाला, तो पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या पैशावर. ढगांचे छायाचित्र रावेरचा शेतकरी विकत घेणार नाही, आणि त्याने ते घ्यावे अशी अपेक्षाही नाही.

असे काम बाजारावर सोपवले की काय होते, हे अमेरिकेने पाहिले आहे. 1985 पासून लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांची विक्री खासगी कंपनीकडे गेली. एका चित्राची किंमत 4,000 डॉलरच्या वर चढली आणि विद्यापीठांनी हात आखडता घेतला. 1992 मध्ये कायदा करून दिशा बदलावी लागली. 2008 मध्ये चित्रे फुकट झाली. विक्रीच्या सर्वांत चांगल्या वर्षी जेमतेम 25,000 चित्रे खपली होती; फुकट झाल्यावर वर्षभरात दहा लाखांच्या घरात उतरवून घेतली गेली.

म्हणून माझा आक्षेप पैशाला नाही, हिशेबाच्या सवयीला आणि त्याहून अधिक हितसंबंधांना आहे. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या यानाचे ठेके नासाने 2021 मध्ये स्पेसएक्सला आणि 2023 मध्ये ब्लू ओरिजिनला दिले. कोणाला मुदतवाढ द्यायची आणि कोणाचे काम नाकारायचे, हे ठरवणाऱ्या संस्थेचा प्रमुख त्यातल्या एका कंपनीचा जुना ग्राहक. त्याने कितीही सचोटीने सही केली तरी दुसरी कंपनी ती भिंगाखाली धरणारच.

धुळ्याच्या त्या शिक्षकांना मी उलट विचारले, ‘‘ठिबकचे संच बनवणाऱ्याच्याच हाती ठिबकच्या अनुदानाचे खाते दिले तर?’’ ते म्हणाले, ‘‘आधी कारखाना सोडायला सांगू.’’ तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘आणि पाच वर्षांनी तो कारखान्यात परतला तर?’’ त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हते.