खोली, बोली आणि ‘द लोनली लंडनर्स’

शहरात शिकावयास आलो तेव्हा खोली दाखविणारा मालक माझे आडनाव ऐकेपर्यंत गोड बोलत होता. आडनाव ऐकले आणि खोली ‘कालच गेली’ झाली. सॅम सेल्व्हन यांची ‘द लोनली लंडनर्स’ (१९५६) ही कादंबरी वाचताना मी तो जिना पुन्हा उतरलो. लंडनच्या घरमालकाला तर आडनाव विचारण्याचीही गरज नव्हती. घर भाड्याने देताना वर्णभेद करण्यास तेथे कायद्याने बंदी आली, तीही १९६८ साली.

सेल्व्हन त्रिनिदादचे, वडिलांकडून भारतीय वंशाचे. १९५० साली ते लंडनला गेले. त्यांच्या कादंबरीतला मोझेस नव्याने आलेल्या गॅलहॅडला वॉटर्लू स्टेशनवर उतरवून घेतो. रोजगार कचेरीतल्या नोंदीवर वर्णाची खूण असते, हे त्याला समजावून सांगतो. पुढे बेकारीत गॅलहॅड बागेतले कबूतर पकडतो, तेव्हा एक बाई त्याच्यावर ओरडते. तिला पक्ष्याची दया येते. त्याची भूक तिला दिसत नाही.

परंतु ही केवळ हालअपेष्टांची कहाणी नव्हे. पात्रांनी बोली बोलावी आणि लेखकाने ती प्रमाणभाषेत समजावून द्यावी, ही वाटणीच सेल्व्हन यांनी मोडली आहे. येथे निवेदनही कॅरिबियन बोलीत आहे. त्यामुळे वाचकाला वरून कीव करावयास जागाच उरत नाही. संवादात बोली चालवून घेणारे आणि निवेदनात ती आली की नाक मुरडणारे आमचे समीक्षक याचा विचार करतील काय?

तरीही माझा आक्षेप आहे. टॅन्टी ही म्हातारी गोऱ्या दुकानदाराला उधारी द्यावयास लावते. या परक्या मुलखाला थोडे तरी वाकविणारी तीच. पण तिच्या वाट्याला मोजकी पाने, आणि पुरुषांनी बायकांमागे फिरण्याला मुबलक. मोझेसच्या थट्टेने लुईसच्या डोक्यात संशय भरतो, तो बायकोला मारतो, ती घर सोडून जाते. एवढे सारे विनोदाच्या ओघात उरकले जाते. मार खाणारीही परमुलखातच आली होती, हे निवेदकाच्या ध्यानात राहत नाही. हा प्रश्न आपल्या आत्मकथनांनाही विचारावा लागेल.

रविवारी मोझेसच्या खोलीत सारी पोरे जमतात, बोलतात, हसतात, निघून जातात. दोनच वर्षांनी, १९५८ साली, नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या जमावांनी काळ्यांच्या घरांवर हल्ले केले. मोझेसच्या त्या खोलीतून भाडेकरूंची एखादी संघटना का निघाली नाही, असे मला पुस्तक मिटल्यावरही वाटत राहिले.