आईचा साचा

जरीपटक्यातील माझ्या वर्गात 'श्यामची आई'वरील प्रश्नाला मी पुष्कळ वर्षे एकच उत्तर लिहून देत असे: श्यामची आई म्हणजे वात्सल्याची व त्यागाची मूर्ती. मुलांना गुण मिळत; मलाही काही चुकल्यासारखे वाटत नसे. एके दिवशी एक मुलगी उभी राहिली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून येथे येऊन वसलेल्यांपैकी तिचे घर. म्हणाली, "सर, मग पोहायला भिणाऱ्या श्यामला ती मारते का?" माझ्या उत्तरात त्या माराला जागाच नव्हती.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले व १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. सांगणारा श्याम आता मोठा झाला आहे आणि आई उरलेली नाही. तेव्हा आठवण भक्तीकडे झुकावी, हे स्वाभाविकच. तरी गुरुजींनी आईचा राग लपविला नाही, कर्जापायी झालेली तिची तगमगही लपविली नाही. मूर्ती घडविली ती आम्ही वाचकांनी.

मोळीचा प्रसंग घ्या. म्हाताऱ्या महारणीची मोळी उचलून दे, असे आई श्यामला सांगते. आणि घरी आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. कोणी पहिले वाक्य उचलून तिला समतेची देवता करतो, कोणी दुसरे धरून तिला कर्मठ ठरवितो. दोघांचेही काम सोपे होते. पण ती बाई दोन्ही वाक्ये एका दमात बोलली आहे. करुणा तिची स्वतःची होती, सोवळे गावाने दिलेले होते, आणि दोहोंपैकी एकही तिला सोडवत नव्हते. तिच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा प्रश्न येथे उभा राहतो. मूर्तीपुढे हात जोडले की तो आपोआप टळतो.

याचे नुकसान केवळ वाङ्मयाचे नाही. चिडणाऱ्या, थकणाऱ्या, उसनवारीने मेटाकुटीस येणाऱ्या आया मुलांना त्या मूर्तीपुढे उण्या वाटू लागतात. वस्तुतः पुस्तकातली आई त्यांच्यासारखीच आहे. त्यांच्यातच तिला ओळखायचे होते, आणि नेमकी ती ओळख मी वर्षानुवर्षे पुसून टाकीत आलो.

प्रश्न मी अजूनही घालतो. उत्तर मात्र लिहून देत नाही.