उसना गळा

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी तरुण गायकांच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून आम्हाला बोलावणे आले. मंडप भरलेला होता. मुले एकामागून एक मंचावर येत होती, कॅरिओकेचा ट्रॅक सुरू होत होता आणि प्रत्येक जण डोळे मिटून मोहम्मद रफी होत होता. कुणी हुबेहूब रफी, कुणी थोडा कमी रफी. नात सादर करणाऱ्या मुलांचीही तीच गत. इंटरनेटवर गाजलेल्या कुणा नातख्वानाची लकब, त्याचे हुंदके, त्याच्या श्वासाचा आवाजसुद्धा उचललेला. शेवटी शेवटी एक मुलगी आली. तिने ट्रॅक लावला नाही. तिच्या नानीकडून ऐकलेले, लग्नघरात हळदीच्या वेळी ढोलकीवर म्हणतात तसले दखनी गाणे तिने म्हटले. आवाज जाडसर होता, मधेच थोडा खरखरला. मंडपात खसखस पिकली. पहिले बक्षीस आम्ही 'हुबेहूब रफी'ला दिले.

कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी आमच्याजवळ आली आणि अदबीने म्हणाली, "सर, मी कुणासारखं गायला पाहिजे होतं?"

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. पुढे विचार करताना लक्षात आले की, दोष त्या मुलांचा नव्हताच. दोष आमचा, म्हणजे परीक्षकांचा आणि श्रोत्यांचा होता. 'अगदी रफीसारखा गातो हो' ही आपल्याकडची सर्वांत मोठी शाबासकी आहे. जिथे बक्षीस नकलेला मिळते, तिथे पोर अस्सल आवाज कशासाठी शोधील? हा लेख त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नक्कल हा गुन्हा नाही. मूल बोलायला शिकते तेच मुळी नक्कल करून. खुद्द रफीसाहेबांची गोष्ट पाहा. पंजाबातील कोटला सुलतान सिंग या गावी १९२४ साली जन्मलेला हा मुलगा गल्लीतून गात जाणाऱ्या एका फकिराच्या मागे मागे फिरे आणि त्याचे गाणे तसेच्या तसे म्हणे. पुढे पार्श्वगायनात आल्यावर सुरुवातीच्या काळात त्यांच्यावर जी. एम. दुराणी यांची छाप होती. मुकेश यांचे 'पहली नज़र' (१९४५) मधले गाजलेले गाणे तर इतके सैगलमय होते की, ऐकणाऱ्यांना ते सैगलांचेच वाटले. किशोरकुमारही 'ज़िद्दी' (१९४८) च्या वेळी सैगलांच्याच वळणाने गात होते. पण हे सगळे गायक नकलेच्या उंबरठ्यावर थांबले नाहीत. १९४९ चा 'अंदाज़' येईपर्यंत मुकेश हे मुकेश झाले होते. उंबरठा ओलांडायचा असतो, त्यावर संसार मांडायचा नसतो.

रफीसाहेबांचे ३१ जुलै १९८० रोजी निधन झाले, आणि त्यानंतर हिंदी चित्रपटसृष्टीला त्यांच्या आवाजाची पोकळी भरायची घाई झाली. 'बेताब' आणि 'कुली' (दोन्ही १९८३) मधून शब्बीर कुमार आले, 'मर्द' (१९८५) मधून मोहम्मद अज़ीज़ आले. दोघेही गुणी आणि मेहनती. त्यांची गाणी घरोघर वाजली. पण बाजाराने त्यांना मागितले ते रफींची जागा भरण्यासाठी. 'तुम्ही कोण?' असे त्यांना फारसे कुणी विचारलेच नाही. उसन्या गळ्याची खरी शोकांतिका हीच आहे. ज्याची नक्कल करावी, तो तबकडीत अमर असतो. मूळ आवाज एका बटणावर ऐकता येत असताना त्याची प्रत कोण किती दिवस ऐकणार?

मग आपला आवाज म्हणजे नेमके काय? त्यासाठी आपल्या महाराष्ट्राच्या मातीत विसावलेल्या एका उस्तादाकडे जाऊ. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेब चिरनिद्रा घेत आहेत. जन्म उत्तरेतल्या किराना गावचा, १८७२ चा. इंतकाल १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात एका रेल्वे स्टेशनवर. आणि माती मिरजेची. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायक आजही हजेरी लावतात. खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार, सुरात विरघळणारा. दमदार म्हणावा असा तो नव्हता. त्यांनी त्यावर दमदारपणाचे सोंग चढवले नाही. ग्वाल्हेरच्या रहिमत खाँची आर्तता त्यांनी मनात साठवली, कर्नाटक संगीतातल्या सरगमेचे वळण घेतले, पण हे सारे त्या बारीक गळ्यातून गाळून घेतले. म्हणून ते त्यांचे झाले.

आता त्यांच्या परंपरेकडे पाहा. शिष्य सवाई गंधर्व (१८८६-१९५२) यांचा गळा निसर्गतः वळणारा नव्हता. त्यांनी मेहनतीने त्याला वळवले. कन्या हिराबाई बडोदेकर (१९०५-१९८९) यांचा आवाज शांत, स्वच्छ. सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगल (१९१३-२००९) यांचा भारदस्त, जवळजवळ पुरुषी. भीमसेन जोशी (१९२२-२०११) यांनी लहानपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि त्या सुराच्या ओढीने घर सोडले; पण त्यांचा स्वतःचा आवाज निघाला मेघगर्जनेसारखा. एक घराणे, पाच गळे, आणि एकाचाही आवाज दुसऱ्याची प्रत नाही. घराण्याने त्यांना काय दिले? सूर कसा लावावा, राग कसा उलगडावा, घाई कशी टाळावी, ही दृष्टी दिली. आवाज ज्याचा त्याने आणला. उस्तादाकडून दृष्टी घ्यायची असते, गळा नव्हे. नव्या गायकांनी निदान एवढे एक वाक्य जवळ ठेवावे.

काही जण म्हणतील, 'आमचा आवाजच चांगला नाही, मग आपला आवाज घेऊन काय करू?' त्यांच्यासाठी दोन उदाहरणे. गंगूबाईंच्या १९३० च्या दशकातल्या 'गांधारी हुबळी' या नावाने निघालेल्या तबकड्या ऐकल्या तर त्यात बारीक, उंच बायकी आवाज ऐकू येतो. पुढे घशाच्या दुखण्यानंतर तो आवाज गेला आणि जाड, खोल आवाज उरला. लोक हसले असतील, नावे ठेवली असतील. बाईंनी त्याच आवाजात उभे आयुष्य गायले आणि लोकांचे कान बदलले. दुसरे उदाहरण अल्लादिया खाँसाहेबांचे (१८५५-१९४६). तरुणपणी एका संस्थानात दिवसरात्र अति गायल्यामुळे त्यांचा मूळ आवाज बसला, तो पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही. नातवाला सांगितलेल्या आठवणींत हा प्रसंग आला आहे. उरलेल्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने ती बहरली आणि तिच्यातूनच केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारखी गाणी उभी राहिली. जयपूर-अत्रौली म्हणून आपण जिचा गौरव करतो, ती गायकी एका बसलेल्या गळ्याची कमाई आहे.

तलत महमूद (१९२४-१९९८) यांच्या आवाजात कंप होता. मुंबईत आल्यावर काहींनी त्याला दोष ठरवला, आणि तो लपवण्याच्या धडपडीत तलत स्वतःच हरवू लागले. 'आरज़ू' (१९५०) च्या वेळी संगीतकार अनिल विश्वास यांनी त्यांना तोच कंप परत मागितला. ज्याला जग दोष म्हणत होते, तीच तलतची ओळख ठरली. अर्थात बेसूर होणे हा दोषच आहे, त्याला 'ही माझी शैली' म्हणून पांघरूण घालता येणार नाही. परंतु आवाजाचा पोत म्हणजे दोष नव्हे. सूर सुधारावा, पोत सांभाळावा. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी चांगले गळे आम्ही घासून गुळगुळीत केले आहेत.

आणखी एक शंका येते. अनेकांचे ऐकले तर आपण त्यांच्यातच हरवून जाणार नाही का? आमचे मत उलटे आहे. एकाचेच ऐकणारा नक्कल करतो, अनेकांचे ऐकणाऱ्याला निवड करावी लागते. उस्ताद अमीर खाँ (१९१२-१९७४) यांनी अब्दुल वहीद खाँची संथ बढत घेतली, रजब अली खाँची तान घेतली, भेंडीबाजारवाले अमान अली खाँ यांची सरगम घेतली. यातले एकही चोरीचे वाटत नाही, कारण तिन्हींना त्यांनी आपल्या खोल, खर्जात रमणाऱ्या आवाजाच्या आणि अंतर्मुख स्वभावाच्या मुशीत ओतले. त्यांचे गाणे इंदूर घराणे म्हणून ओळखले गेले. भेंडीबाजार म्हटले की आज अनेकांना फक्त गर्दी आणि बिर्याणी आठवते. त्या गल्ल्यांच्या नावाने एक घराणे आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना आपणच सांगायला हवी.

आता थोडे व्यवहाराचे. आपली पट्टी ओळखा. रफींनी एखादे गाणे उंच स्वरात गायले म्हणून तुम्हीही त्याच पट्टीत गायले पाहिजे, असा कायदा नाही. ट्रॅक खाली घेता येतो. गळा एकदा फाटला की शिवता येत नाही. रोज सकाळी खर्जाचा रियाज करा, साधा आकार लावा, एकेक सूर श्वास संपेपर्यंत धरा. या कंटाळवाण्या कामातच आपला आवाज पहिल्यांदा आपल्याला भेटतो, कारण तिथे नक्कल करायला कुणी नसतेच. मोबाइलवर आपले गाणे ध्वनिमुद्रित करून ऐका. पहिल्या वेळी लाज वाटेल. आपण स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो, म्हणून बाहेरून ऐकलेला आवाज परका वाटतो. पण जगाला तोच ऐकू येतो, त्याच्याशी दोस्ती करायला हवी. आवडीचे गाणे आधी शब्द म्हणून मोठ्याने वाचा. अर्थ कळल्याशिवाय घेतलेला हुंदका खोटाच असतो. मिसरूड फुटण्याच्या वयात आवाज बदलत असताना मुलांवर ताण टाकू नका. आणि घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर काढ्यांवर विसंबू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

पण रियाजाने न मिळणारी एक गोष्ट उरते, ती म्हणजे आपल्या घरातला सूर. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख (१९१६-१९६९), गाणे शिकायला कुठल्या विद्यालयात गेले नव्हते. आई मुनेरबीच्या ओव्या हे त्यांचे पहिले शिक्षण. गिरणीत आणि मोटारीवर राबलेल्या या माणसाने तो ओव्यांचा सूर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लाखोंच्या सभांपुढे नेला. आईकडून आलेला सूर मराठी होता, मुसलमान घरातला होता आणि अवघ्या महाराष्ट्राचा झाला. त्यांनी तो लपवला असता, कुणा लोकप्रिय गवयासारखा घोटून घेतला असता, तर महाराष्ट्राला अमर शेख मिळाले असते का? त्याही आधी उत्तर पेशवाईत शिकलगार घरातले सगनभाऊ मराठी लावणी गाऊन गेले. आपल्या मागे एवढी मोठी रांग उभी आहे, आणि आपली मुले मात्र घरातली बोली, घरातला हेल मंचावर येताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतात. हा प्रश्न केवळ गाण्याचा नाही. ज्याला आपल्या नानीच्या सुराची लाज वाटते, तो पुढे आपल्या भाषेची, आपल्या नावाचीही लाज बाळगू लागतो. या पानांवर लिहिणाऱ्यांना तो अनुभव काही नवा नाही.

म्हणून आमचे अर्धे सांगणे गायकांना आणि अर्धे श्रोत्यांना आहे. आपल्या गावच्या स्पर्धांत 'हुबेहूब'ला बक्षीस देणे थांबवा. घरातली मुलगी जात्यावरचे, हळदीचे, पाळण्याचे गाणे म्हणत असेल, तर तिला 'हे काय गावठी' म्हणू नका. तिच्या आवाजात खरखर असेल, तर आधी ऐका. ती खरखर सुराच्या आड येते की सुराला अंग देते, हे पाहा. आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसण्याआधी आपले कान तपासा.

त्या मुलीचा पत्ता आम्ही त्या दिवशी विचारला नाही, याची चुटपुट आहे. हे पान कधी तिच्या हाती पडले तर तिने एवढेच वाचावे: बेटी, तुला कुणासारखं गायची गरज नव्हती. तू बरोबर गात होतीस. चुकलो ते आम्ही.