नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

साबण, शांपू, फरशी पुसायचे द्रव, भांड्यांची वडी, चेहऱ्याचे क्रीम अशा अनेक वस्तूंच्या वेष्टनावर कापलेले लिंबू किंवा संत्र्याची फोड दिसते. सोबत 'नैसर्गिक' हा शब्द असतो आणि कधीकधी 'केमिकल-फ्री' हाही. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या मजकुराचेही करायला हवे असे आम्हांला वाटते, कारण शाळा सुटल्यावर माणसे विज्ञानाविषयी जे वाचतात त्यात त्याचा वाटा मोठा असतो. आमचे मत आधीच सांगतो. हा मजकूर सर्वस्वी खोटा नसतो. पण जे सांगायला हवे ते तो गाळतो आणि जे सांगतो त्यातून चुकीचा तर्क शिकवतो.

'केमिकल-फ्री' हा दावा तर पहिल्याच पायरीवर कोसळतो. संत्र्याच्या सालीतील तेलाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या एकाच रसायनाचा असतो. त्याच्या रेणूत कार्बनचे १० आणि हायड्रोजनचे १६ अणू असतात, म्हणजे ते पेट्रोलमधील घटकांसारखेच एक हायड्रोकार्बन आहे. वर्गात याचा पडताळा घेता येईल. फुगवलेल्या रबरी फुग्याजवळ संत्र्याची ताजी साल चिमटून दाबावी. तेलाचे तुषार फुग्यावर पडले की तो बहुधा फुटतो, कारण लिमोनीनमुळे रबर मऊ पडते. (तुषार डोळ्यांत जाऊ देऊ नयेत.) ग्रीस आणि डिंकाचे डाग काढण्यासाठी लिमोनीन वापरतात तेही याच गुणामुळे.

मग लिमोनीन घातक आहे का? इथे घाबरवणाऱ्या लेखांचीही झडती घ्यायला हवी. १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने केलेल्या प्रयोगात लिमोनीन दिलेल्या नर उंदरांच्या मूत्रपिंडांत गाठी आढळल्या. या उंदरांची जात मोठी, म्हणजे ज्यांना इंग्रजीत 'रॅट' म्हणतात ती. माद्यांत किंवा लहान उंदरांत तशा गाठी आढळल्या नाहीत. पुढील संशोधनातून उलगडा झाला की त्या नरांच्या शरीरात तयार होणारे एक विशिष्ट प्रथिन याच्या मुळाशी आहे आणि माणसात त्या मार्गाने कर्करोग होत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ साली लिमोनीनला 'माणसात कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही' अशा गटात ठेवले. 'लिंबाच्या वासाने कर्करोग' असे लिहिणारा ही अर्धी गोष्ट गाळतो.

खरी अडचण त्वचेची आहे, आणि तिच्यातील रसायनशास्त्र दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. शुद्ध, ताजे लिमोनीन त्वचेला फारशी ॲलर्जी करत नाही. मात्र बाटली उघडी राहिली की हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो आणि हायड्रोपेरॉक्साइडे तयार होतात. स्वीडनमधील ॲन-थेरेस कार्लबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की ॲलर्जी निर्माण करण्याची ताकद या पदार्थांत आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील दवाखान्यांच्या एका अभ्यासात त्वचादाह झालेल्या सुमारे २,९०० रुग्णांची चाचणी हवा लागलेल्या लिमोनीनने केली. त्यांपैकी सुमारे ५ टक्के रुग्णांना त्याची ॲलर्जी आढळली. हे रुग्ण होते, सर्वसाधारण लोकसंख्या नव्हे. त्यामुळे हा आकडा गावातील सर्वांना लावता येणार नाही. पण तो नगण्यही नाही, कारण ॲलर्जी एकदा जडली की ती बहुधा आयुष्यभर राहते.

यातून 'नैसर्गिक' या शब्दातील विसंगती उघड होते. लिमोनीन झाडातून आले की कारखान्यातून, यावर हवेशी होणारी क्रिया अवलंबून नसते. ती रोखण्यासाठी बीएचटीसारखे कृत्रिम ऑक्सिडीकरणरोधक मिसळतात. म्हणजे 'काहीही न मिसळलेले' म्हणून मिरवणारे तेल उघड्या बाटलीत राहिले, तर मिसळलेल्या तेलापेक्षा अधिक त्रासदायक ठरू शकते.

लिंबूवर्गातील दुसरा धोका निराळा आहे. बर्गामोट आणि लिंबू यांच्या साली दाबून काढलेल्या तेलांत फ्युरोकुमारिने असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले की त्वचा भाजल्यासारखी होते आणि पुढे काळे डाग राहतात. कोलोनचे ओघळ जिथे सुकले तिथेच असे डाग पडतात याचे वर्णन फ्रॉइंड यांनी १९१६ सालीच केले होते. ही फ्युरोकुमारिने सहजासहजी उडत नाहीत, त्यामुळे वाफेने ऊर्ध्वपातन केलेल्या तेलात ती जवळजवळ नसतात. फळ तेच असले तरी तेल काढण्याची पद्धत बदलली की धोका बदलतो. वेष्टनावरचे लिंबाचे चित्र मात्र दोन्ही वेळा सारखेच असते.

'आमच्या आज्यापणज्या उटण्यात संत्र्याची साल घालतच होत्या की', असे कुणी म्हणेल. म्हणणे खरे आहे. पण दिवाळीत चार दिवस अंगाला चोळून लगेच धुऊन टाकायची सालीची पूड वेगळी आणि वर्षभर रोज लावून ठेवायच्या क्रीममधील तेलाचा अर्क वेगळा. मात्रा किती, त्वचेवर किती वेळ आणि उन्हात की सावलीत, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय परंपरेचा दाखला पुरावा ठरत नाही.

कायद्याने काय केले? युरोपीय संघाने २००३ साली नियम करून लिमोनीनसह २६ सुगंधी घटकांची नावे सौंदर्यप्रसाधनांवर छापणे बंधनकारक केले. त्वचेवर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्के आणि धुतल्या जाणाऱ्या वस्तूत ०.०१ टक्के ही त्याची मर्यादा आहे. २०२३ साली ही यादी ८० च्या पुढे नेली. पाऊल योग्यच आहे, तरी त्यातही एक उणीव दिसते. वेष्टनावर 'लिमोनीन' छापले जाते, पण त्रास देते ते बाटली उघडल्यावर त्याच्यापासून बनणारे हायड्रोपेरॉक्साइड. कच्च्या मालात पेरॉक्साइड किती चालेल याला तेथे मर्यादा आहे. घरी न्हाणीघरात सहा महिने उघडझाक होणाऱ्या बाटलीवर ती मर्यादा कोण तपासणार? रुग्णाची चाचणी ताज्या लिमोनीनने केली तर ॲलर्जी निसटून जाऊ शकते, हा त्याच गोष्टीचा दुसरा परिणाम.

आपल्याकडे अनेक वस्तूंवर आजही 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' एवढा एकच शब्द आढळतो. हात सतत पाण्यात आणि साबणात असणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या हाताला चट्टे आले, तर नेमके काय टाळायचे हे तिला त्या शब्दावरून कसे कळावे? डॉक्टरांनाही कळणार नाही. वेष्टनावरचा एक गाळलेला शब्द असा तिच्या रोजीवर येतो. आमचा मुख्य आक्षेप इथे आहे.

बहुसंख्य लोकांना लिंबाच्या वासाच्या साबणाने काही होत नाही, आणि तो फेकून द्यावा असे आम्ही सुचवत नाही. बाटलीचे झाकण घट्ट लावावे, ती थंड जागी ठेवावी, जुने तेल अंगाला लावू नये आणि लिंबूवर्गीय तेल लावून उन्हात जाऊ नये, एवढे प्रत्येकाला जमेल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घरातील पाच वेष्टने आणायला सांगावीत. कोणत्या दाव्याची परीक्षा घेता येते, कोणता नुसता विशेषण आहे आणि कोणती माहिती द्यायची राहिली, असे तीन रकाने फळ्यावर आखावेत. 'नैसर्गिक' हा शब्द कोणत्या रकान्यात जातो ते मुले स्वतःच ठरवतील.