नकाशामागील चौकशी : जॉन स्नो यांच्या रुग्णशोधाची चिकित्सा

साथरोगांचा विषय निघाला की लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची कथा हमखास सांगितली जाते. मूळ ग्रंथ मात्र क्वचितच उघडला जातो. जॉन स्नो यांच्या ‘ऑन द मोड ऑफ कम्युनिकेशन ऑफ कॉलरा’ या ग्रंथाची १८५५ ची दुसरी आवृत्ती वाचताना प्रसिद्ध नकाशापेक्षा दारोदार केलेली चौकशी अधिक महत्त्वाची वाटते.

सप्टेंबर १८५४ मध्ये स्नो यांनी निबंधक कार्यालयातून पटकीच्या ८३ मृत्यूंची यादी मिळविली. त्यांपैकी दहा मृत्यू दुसऱ्या पंपाजवळच्या घरांतील होते. ते अपवाद म्हणून वगळणे सोयीचे होते. स्नो त्या घरी गेले. पाच कुटुंबे ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी मागवीत होती, तर तीन मृत मुले त्या पंपाजवळच्या शाळेत जात होती. जवळच्याच ५३५ गरिबांच्या श्रमगृहात मात्र पाचच मृत्यू झाले; तेथे स्वतंत्र विहीर होती. सिद्धान्ताला अडचणीच्या ठरणाऱ्या नोंदींचा पाठपुरावा हे या ग्रंथाचे खरे सामर्थ्य होय. (आपल्या विद्यार्थी-सर्वेक्षणांत अशा नोंदी ‘इतर’ या रकान्यात विसावतात!)

तथापि या पद्धतीची एक मर्यादा दुर्लक्षिता येत नाही. स्नो यांची यादी मृतांची होती. आजारातून उठलेले आणि तेच पाणी पिऊनही निरोगी राहिलेले लोक तीत नव्हते. केवळ मृतांनी कोणते पाणी प्यायले हे कळून कारण सिद्ध होत नाही. जे वाचले त्यांनी काय प्यायले, हेही विचारावे लागते. ते विचारले हेन्री व्हाइटहेड या स्थानिक धर्मोपदेशकाने, आणि तेही स्नो यांचे मत चुकीचे ठरेल या अपेक्षेने. त्यांना आढळले की, ब्रॉड स्ट्रीटमधील पंपाचे पाणी पिणाऱ्या १३७ जणांपैकी ८० जणांना पटकी झाली. न पिणाऱ्या २९७ जणांपैकी अवघ्या २० जणांना.

पुढे १८५५ मध्ये निबंधकांच्या नोंदी चाळताना व्हाइटहेड यांना ४०, ब्रॉड स्ट्रीट येथील एका तान्ह्या मुलीचा मृत्यू दिसला. कारण ‘अतिसार’ असे लिहिले होते. साहजिकच पटकीच्या यादीत तिला स्थान नव्हते. तिचे आजारपण मात्र साथ भडकण्यापूर्वीचे होते. तिचे लंगोट धुतलेले पाणी घराच्या शोषखड्ड्यात ओतले जात असे. खोदकाम केल्यावर त्या खड्ड्याच्या विटा निखळलेल्या आढळल्या. पंपाची विहीर तेथून काही फुटांवरच होती.